फॉन्ट म्हणजे ओतीव अक्षरे : संगणकावर मराठी लिहू लागणाऱ्या गोमंतकीयांसाठी

जत्रेच्या रात्री होणाऱ्या नाटकाचे हँडबिल, भजनी सप्ताहाचा कार्यक्रम, पंचायतीला द्यायचा अर्ज किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका अशा निमित्ताने गोव्यातल्या गावागावांत कोणावर ना कोणावर मराठी मजकूर संगणकावर तयार करण्याची वेळ येते. ते काम बहुधा मंडळातल्या अशा माणसाच्या गळ्यात पडते, ज्याला फोनवर मराठी लिहिता येते, पण छापखान्यात फाईल पाठवण्याचा अनुभव नसतो. मग कोणीतरी मागच्या वर्षीची फाईल पेनड्राइव्हवर आणून देतो. ती उघडली की जिथे ‘गोवा’ हा शब्द असायला हवा तिथे एक्स, के, एस, ओ, के अशी पाच इंग्रजी अक्षरे दिसतात आणि बाजूला उभा असलेला जाणकार ‘फॉन्ट नाही’ असे निदान करून मोकळा होतो. निदान खरे असते. मात्र फॉन्ट म्हणजे काय आणि तो नसला म्हणून ‘गोवा’ची इंग्रजी अक्षरे का व्हावीत, याचा उलगडा त्या एका वाक्याने होत नाही. तो उलगडा झाला की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात, म्हणून या लेखात आधी शब्दाकडे आणि मग कामाकडे वळू.

शब्द कुठून आला

फॉन्ट हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये ‘फोंद्र’ म्हणजे वितळवणे आणि त्यापासून झालेला ‘फोंत’ म्हणजे वितळवून ओतलेली वस्तू. त्याच्याही मागे लॅटिनमधले ‘ओतणे’ या अर्थाचे ‘फुंदेरे’ हे क्रियापद आहे. ओतशाळेसाठी इंग्रजीत वापरतात तो फाउंड्री हा शब्दही याच कुळातला आहे. तेव्हा फॉन्ट या शब्दाचा अक्षरार्थ काढायचा झाला तर तो ‘ओतीव’ किंवा ‘ओत’ असा होईल.

गोव्यातल्या वाचकाला इथे एक शंका येणे साहजिक आहे, कारण पणजीतले फोंताईन्हास सर्वांच्या परिचयाचे आहे आणि पोर्तुगीज भाषेत संगणकाच्या फॉन्टलाही ‘फोंत’ म्हणण्याची पद्धत आहे. परंतु फोंताईन्हासमधला ‘फोंत’ म्हणजे झरा. तो लॅटिनमधल्या झऱ्याच्या नामावरून आला आहे, आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे पाणी ठेवण्याच्या दगडी पात्राला इंग्रजीत फॉन्ट म्हणतात तोही त्याच नामावरून. अक्षरांचा फॉन्ट आणि पाण्याचा फॉन्ट ऐकायला एक असले तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. एकात धातू ओततात, दुसऱ्यात पाणी वाहते.

आता ओतायचे काय, ते पाहू. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावाचे कोरीत. ही कांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकली की तांब्यात त्या अक्षराचा खोलगट साचा उमटे. तो साचा ओतण्याच्या मुशीत बसवून त्यात शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला मिश्रधातू ओतला की एक खिळा तयार होई. शिसे लवकर वितळते पण मऊ असते, म्हणून त्याला कठीणपणा आणण्यासाठी अँटिमनी घालत. एका साच्यातून शेकडो खिळे निघत. एका वळणाच्या, एका जाडीच्या आणि एकाच मापाच्या अशा सर्व खिळ्यांचा पुरा संच म्हणजे एक फॉन्ट. ज्या अक्षरांची गरज जास्त, ती त्यात जास्त संख्येने असत. त्याच वळणाचा मोठ्या मापाचा संच हा दुसरा फॉन्ट आणि त्याच मापाचा ठळक संच हा तिसरा. अक्षराच्या वळणासाठी इंग्रजीत टाईपफेस हा निराळा शब्द होता. संगणकावर माप हवे तसे बदलता येऊ लागल्यावर हा भेद पुसट झाला आणि आज आपण वळणालाच सर्रास फॉन्ट म्हणतो. त्याबद्दल कोणाला टोकण्याची गरज नाही, पण जुना अर्थ ठाऊक असलेला बरा.

खिळे जुळवून ओळी रचणारा जुळारी कधी एका खणातला खिळा चुकून दुसऱ्या खणात टाकी आणि मग एखाद्या ओळीत मध्येच परक्या वळणाचे अक्षर डोकावे. मुद्रिते तपासणारा अशा अक्षरासमोर समासात ‘डब्ल्यू एफ’ म्हणजे ‘राँग फॉन्ट’ अशी खूण करी. संगणकावर आलेल्या नवख्याच्या बहुतेक अडचणी या जुन्या चुकीच्याच नव्या आवृत्त्या आहेत.

सहाशे साच्यांची अडचण

हा विषय गोव्यात बसून समजून घेण्यात एक औचित्य आहे. भारतात पहिला छापखाना आला तो इथेच. अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, न्यायचे ते यंत्र ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात उतरले आणि इथेच राहिले. जुने गोवे येथील सेंट पॉल कॉलेजात त्यावर छपाई सुरू झाली. त्या कॉलेजाची एक कमान आज तेवढी उभी आहे. यंत्र आले, मुद्रक आले, खिळे आले, पण ते सगळे रोमन लिपीचे होते.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि इथली भाषा त्यांनी आत्मसात केली. त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण मराठीत आहे, तरी १६१६ साली राशोल येथे, म्हणजे रायतूरला, ते छापले गेले ते रोमन लिपीत. याचे कारण त्यांनीच १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात सापडते. या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापलेली पाहावीत अशी त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. परंतु युरोपच्या लिपीला २४ अक्षरे पुरतात तर इथली अक्षरे स्वर-व्यंजनांची जोडलेली असल्यामुळे सुमारे ६०० साचे करावे लागतील, आणि ते अशक्यप्राय वाटते, अशी अडचण त्यांनी नोंदवली आहे. मलबारात तमिळ लिपीचे खिळे त्याआधीच तयार झाले होते आणि १५७८ साली कोल्लमला तमिळ पुस्तक छापलेही गेले होते. देवनागरीच्या वाट्याला मात्र ते भाग्य त्या काळी आले नाही.

स्टीफन्स यांचा अंदाज अतिशयोक्त नव्हता. ‘क’ला एक खिळा, पण ‘क्’, ‘क्ष’, ‘क्र’, ‘कु’, ‘क्त’ यांना निरनिराळे खिळे किंवा खिळ्यांचे तुकडे लागतात. आजही चांगला देवनागरी फॉन्ट उघडून आतले आकार मोजले तर ते कित्येक शे भरतात. मग संगणकाने ही अडचण कशी सोडवली? साचे कमी केले नाहीत. अक्षर आणि त्याचा आकार यांची फारकत केली. सगळ्या लेखाचे मर्म या एका वाक्यात आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू.

अक्षर, आकार आणि कळ

संगणकाच्या पोटात अक्षर नसते, क्रमांक असतो. जगातल्या लिपींच्या अक्षरांना सामाईक क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात; तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात देवनागरीसाठी १२८ घरे राखून ठेवली आहेत आणि त्यांची मांडणी भारतात आधी तयार झालेल्या इस्की या प्रमाणावर बेतलेली आहे. दशमान पद्धतीने सांगायचे तर ही घरे २३०४ पासून सुरू होतात. ‘गोवा’ हा शब्द संगणक २३२७, २३७९, २३५७, २३६६ असा साठवतो. पहिला क्रमांक ‘ग’चा, दुसरा ओकाराच्या मात्रेचा, तिसरा ‘व’चा आणि चौथा कान्याचा. हे क्रमांक पणजीत, पुण्यात आणि लिस्बनमध्येही तेच राहतात.

फॉन्ट ही या क्रमांकांना आकार देणारी फाईल. २३२७ क्रमांक आला की ‘ग’ कसा काढायचा, ‘क’, हलंत आणि ‘ष’ असे तीन क्रमांक लागोपाठ आले की त्यांचा ‘क्ष’ कसा करायचा, ‘र’ आणि हलंत यांच्यापुढे व्यंजन आले की रफार कुठे चढवायचा, याचे आकार आणि नियम फॉन्टमध्ये असतात. म्हणजे स्टीफन्स यांचे ६०० साचे फॉन्टमध्ये गेले आणि लेखकाच्या हाती १२८ घरांची पेटी राहिली.

तिसरी गोष्ट कीबोर्डची. कोणती कळ दाबल्यावर कोणता क्रमांक उमटावा हे कीबोर्डची मांडणी ठरवते. फॉन्टचा तिच्याशी काही संबंध नाही. ‘मला अमुक फॉन्टमध्येच टाईप करता येते’ असे अनेकजण म्हणतात, तेव्हा त्यांना अमुक मांडणी येते असे म्हणायचे असते.

आता त्या पाच इंग्रजी अक्षरांचे कोडे सुटते. युनिकोड घरोघर पोचण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, आकृती असे फॉन्ट प्रचारात आले. त्या काळी एका फॉन्टात २५६ घरांपलीकडे जागा नसे, तीही रोमन लिपीसाठी आखलेली. फॉन्टकारांनी त्या रोमन घरांतच देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेवमध्ये एक्सच्या घरात ‘ग’, के म्हणजे काना, एस म्हणजे मात्रा, ओ म्हणजे ‘व’. म्हणून एक्स, के, एस, ओ, के असे पाच तुकडे ओळीने ठेवले की डोळ्यांना ‘गोवा’ दिसतो; संगणकाला मात्र ती पाच इंग्रजी अक्षरेच वाटतात. ‘भ’ तर तिथे अर्धा ‘भ’ आणि पुढे काना असा दोन तुकड्यांत येतो. हे हुबेहूब जुन्या जुळाऱ्याचे काम आहे. या फॉन्टांची आज थट्टा करण्यात अर्थ नाही, कारण एक पिढीभर मराठीची छपाई त्यांनीच चालवली. पण प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या मर्जीने बसवल्यामुळे एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात निरर्थक होतो आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की देवनागरीचा मुखवटा गळून खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात.

पहिली पायरी : हातातला मजकूर ओळखावा

फाईल आली की टाईप करायला बसण्याआधी ती युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये, हे ठरवावे. त्यासाठी एक शब्द निवडून त्याचा फॉन्ट बदलून एरियल किंवा टाईम्स करावा. शब्द देवनागरीतच राहिला तर मजकूर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांचा कचरा झाला तर तो जुन्या फॉन्टचा आहे. दुसरी कसोटी शोधाची. शोधाच्या चौकटीत ‘गोवा’ लिहावे; समोर शब्द दिसत असूनही तो सापडत नसेल तर समजावे की संगणकाच्या लेखी तो शब्द तिथे नाही.

पडद्यावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील तर घाबरू नये. त्याचा अर्थ क्रमांक बरोबर आहेत, पण त्यांना आकार देणारा फॉन्ट त्या यंत्रात नाही. या चौकोनांना इंग्रजीत गमतीने टोफू म्हणतात, आणि गूगलच्या नोटो फॉन्टचे नाव ‘नो टोफू’ यावरूनच पडले. याउलट एखाद्या वेलांटीपाशी ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर दोष फॉन्टचा नसून लिहिणाऱ्याचा असतो. मात्रा आधी आणि व्यंजन नंतर टाईप झाले असले की मात्रेला बसायला अक्षर मिळत नाही आणि संगणक त्या रिकाम्या जागी वर्तुळ काढून दाखवतो.

दुसरी पायरी : मांडणी निवडावी आणि तिच्यावर टिकून राहावे

विंडोजच्या सेटिंगमध्ये वेळ आणि भाषा या विभागात जाऊन मराठी भाषा जोडावी. त्यानंतर विंडोजची कळ धरून स्पेस दाबले की इंग्रजी आणि मराठी अशी अदलाबदल होते. मराठीसाठी मूळ मांडणी इनस्क्रिप्टची मिळते. विंडोज १० च्या २०१९ मधल्या सुधारणेपासून इंग्रजी उच्चारांवर चालणारी फोनेटिक मांडणीही उपलब्ध आहे. महिन्यातून एखादे पत्र लिहायचे असेल तर फोनेटिक पुरेशी आहे. रोजचे काम असेल तर इनस्क्रिप्ट शिकावी असे माझे ठाम मत आहे, कारण तिची रचना वर्णमालेला धरून आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने, आणि शिफ्ट धरली की त्याच कळेवर त्याच कुटुंबातले दुसरे अक्षर. आय, ए, बी, ई या चार कळा दाबल्या की ‘गोवा’ तयार होतो. चार क्रमांक, चार कळा. ‘ल’ एनवर आहे आणि शिफ्ट धरून एन दाबले की ‘ळ’ येतो, म्हणजे सांखळी आणि माटोळी दोन्ही हातच्या झाल्या.

जुन्या फॉन्टांवर हात बसलेल्यांना पहिल्या आठवड्यात एक सवय मोडावी लागते. तिथे ‘दिवस’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘द’ नंतर टाईप करावा लागे, कारण तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ठेवायचे असत. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो. आधी ‘द’, मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसवणे हे फॉन्टचे काम.

आता मराठीची खास जागा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांत समुद्र आणि डोंगर यांच्याइतके अंतर आहे, आणि आपल्याकडे पश्चिमेला एक व पूर्वेला दुसरे असल्याने दोन्ही शब्द वारंवार लागतात. ‘दर्या’ लिहिताना ‘द’, ‘र’, हलंत, ‘य’, काना असा क्रम असतो आणि रफार वर चढतो. ‘दऱ्या’ लिहिताना साध्या ‘र’ऐवजी नुक्ता असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट धरून जे या कळेवर आहे. त्यापुढे डी या कळेवरचा हलंत आणि तिरक्या रेघेच्या कळेवरचा ‘य’ दाबला की चंद्रकोरीसारखा आडवा ‘र’ मिळतो. दुसऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, कोऱ्या या सगळ्यांना हाच नियम. जुन्या मजकुरात हाच आकार साधा ‘र’, हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह अशा दुसऱ्या मार्गानेही काढलेला आढळतो. दिसायला दोन्ही सारखे, पण क्रमांक वेगळे असल्यामुळे शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. निमंत्रणपत्रिकेत याने बिघडत नाही. सभासदांची यादी नावावरून शोधायची असेल तर मात्र बिघडते.

‘ॲ’ची गोष्टही तशीच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळाले ते २००८ साली. त्यापूर्वी ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र देत, आणि अजूनही अनेकजण देतात. पत्रिकेतल्या पाहुण्यांच्या नावांमागे ‘ॲड.’ लावताना एकच पद्धत ठेवावी.

तिसरी पायरी : फॉन्ट निवडणे आणि बसवणे

विंडोजमध्ये मंगल हा फॉन्ट विंडोज २००० पासून येतो. तो अक्षरकलेतले नामवंत प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी घडवला. पडद्यावर वाचण्यासाठी तो केलेला असल्याने अर्जाला चालतो, पण हँडबिलाच्या शीर्षकाला शोभत नाही. विंडोज ८ पासून निर्मला यूआय हाही फॉन्ट सोबत येतो. याखेरीज मुक्त परवान्याखाली मिळणारे ‘मुक्त’, ‘बालू’ आणि नोटोचे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून विनामूल्य उतरवून घेता येतात आणि छापील कामातही वापरता येतात. ‘मुक्त’ सलग मजकुराला चांगला. बालू जाडजूड आणि खेळकर असल्याने बालनाट्याच्या जाहिरातीला शोभतो, श्रद्धांजलीच्या मजकुराला अजिबात नाही. फॉन्टही सॉफ्टवेअर असतो आणि त्यालाही परवाना असतो, म्हणून कोणाच्या तरी संगणकातून उचललेले विकतचे फॉन्ट वापरू नयेत.

उतरवलेली फाईल उघडून इन्स्टॉल म्हटले की फॉन्ट बसतो. वर्ड उघडे असेल तर ते बंद करून पुन्हा उघडावे. इथे नवख्यांना हमखास नडणारी एक गोष्ट सांगतो. वर्डमध्ये एकाच परिच्छेदाला दोन फॉन्ट लावलेले असतात, एक रोमन मजकुरासाठी आणि दुसरा देवनागरीसारख्या जोडलिप्यांसाठी. वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरे ढिम्म राहत असतील तर कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची चौकट उघडावी आणि तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स या शीर्षकाखाली हवा तो फॉन्ट आणि माप निवडावे. माप तिथे वेगळे द्यावे लागते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

मापाबद्दलही दोन शब्द. संगणकावरचा एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणजे १२ पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग. जुने जुळारी त्या मापाच्या टाईपाला पायका म्हणत. पण हे माप अक्षराचे नसून मुळात ज्या धातूच्या ठोकळ्यावर ते उभे असे त्या ठोकळ्याचे आहे. ठोकळ्यावर वर मात्रा आणि खाली उकार यांना जागा सोडावी लागत असल्याने देवनागरीचे अंग लहान पडते. म्हणून १२ पॉइंटचा इंग्रजी मजकूर आणि १२ पॉइंटचा मराठी मजकूर शेजारी ठेवला की मराठी बारीक दिसते. द्विभाषिक पत्रिकेत मराठी एक-दोन पॉइंट मोठी घ्यावी आणि दोन ओळींमधले अंतरही थोडे वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. हे अंतर पूर्वी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून वाढवत, म्हणून त्याला इंग्रजीत अजून शिशाच्या नावावरूनच लेडिंग म्हणतात.

मराठी मजकुराची भाषा वर्डमध्ये मराठी अशीच नोंदवावी, कारण काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी आणि हिंदी वळणे निरनिराळी ठेवलेली असतात आणि भाषा पाहूनच फॉन्ट त्यांतले एक निवडतो. देवनागरीला तिरकी अक्षरे मात्र देऊ नयेत. ती या लिपीची परंपरा नव्हे आणि संगणक ती नुसतीच ओढून तिरकी करतो.

चौथी पायरी : जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे

मागच्या वर्षीचा मजकूर जुन्या फॉन्टात असेल तर तो आधी कोणत्या फॉन्टात आहे हे नेमके पाहावे, कारण कृतिदेवचे रूपांतरक श्रीलिपीला चालत नाही. श्रीलिपीच्याही निरनिराळ्या मांडण्या आहेत. त्या त्या फॉन्टसाठी केलेली रूपांतराची साधने इंटरनेटवर मिळतात. मजकूर एका चौकटीत घालून दुसऱ्या चौकटीतून युनिकोड मजकूर उचलायचा असतो. मजकूर अगदी लहान असेल तर सरळ पुन्हा टाईप करावा. रूपांतर करून तपासण्यापेक्षा तेच लवकर होते.

रूपांतर झाल्यावर मजकूर अक्षरन् अक्षर वाचावा. माझ्याच हातून एका सप्ताहाच्या पत्रिकेत ‘विठ्ठल’चा जोडाक्षराचा भाग फुटला होता आणि तो छापून आल्यावर दिसला. ज्याच्या नावाने सप्ताह त्याचेच नाव फुटलेले पाहून वडीलधाऱ्यांनी काय म्हटले ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून मी ठरावीक जागा आधी पाहतो. वेलांट्या योग्य अक्षरावर बसल्या आहेत का, रफार एक अक्षर पुढेमागे सरकला आहे का, ‘श्र’, ‘ट्र’, ‘द्ध’, ‘ठ्ठ’ शाबूत आहेत का, ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाला आहे का, आणि शेवटी कंस, अवतरणचिन्हे, आकडे. जुन्या फॉन्टांनी विरामचिन्हांच्या घरांतही अक्षरांचे तुकडे कोंबले असल्याने चुका तिथे हटकून होतात. मजकुराच्या मध्ये खरेखुरे इंग्रजी शब्द किंवा ईमेलचे पत्ते असतील तर ते आधीच बाजूला काढावेत, कारण रूपांतरक त्यांचीही देवनागरी करून ठेवतो.

पाचवी पायरी : छापखान्याकडे देणे

छापखान्याला आधी विचारावे की त्यांचे सॉफ्टवेअर युनिकोड घेते का. पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरवर अजून काम चालत असेल तर तिथे युनिकोड देवनागरी चालणार नाही. त्यांना जुन्या फॉन्टातला मजकूर लागेल, आणि उलटे रूपांतर त्यांनाच करू द्यावे, कारण त्यांचा फॉन्ट त्यांना ठाऊक असतो. इनडिझाइन या त्याच कामाच्या नव्या सॉफ्टवेअरवर काम होत असेल आणि ‘क्ष’ किंवा वेलांट्या सुट्या पडत असतील तर तिथे परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर ही रचना लावायला सांगावे. फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम पाळले जायला ती लागते.

सगळी मांडणी तुम्हीच केली असेल तर पीडीएफ द्यावी. वर्डमधून पीडीएफ केली की वापरलेले फॉन्ट सामान्यतः तिच्यात समाविष्ट होतात, म्हणून ती दुसऱ्या यंत्रावर तशीच दिसते. वर्डची फाईलच द्यायची असेल तर पर्यायांच्या चौकटीत सेव्ह या विभागात फॉन्ट फाईलमध्ये समाविष्ट करण्याची खूण आहे, ती लावावी. पाठवण्यापूर्वी ती पीडीएफ ज्या फोनवर किंवा संगणकावर तुमचे फॉन्ट बसवलेले नाहीत अशा यंत्रावर उघडून पाहावी.

पीडीएफ दिली तरी वर्डची मूळ फाईल जपून ठेवावी. पीडीएफ प्रामुख्याने आकार जपते, अक्षरांचे क्रमांक नीट जपेलच असे नाही. म्हणून मराठी पीडीएफ डोळ्यांना निर्दोष दिसत असताना तिच्यातून एखादे वाक्य कॉपी करून पाहिले तर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटलेली निघतात. पुढच्या वर्षीच्या जत्रेला तारीख आणि नाटकाचे नाव बदलायला तीच मूळ फाईल लागेल. तिच्या नावात साल लिहावे, आणि वापरलेल्या फॉन्टची फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवावी.